मांडवावरील वाल : सुकविण्याच्या दाण्याची घरगुती लागवड

अलिबाग तालुक्यांत भात निघाल्यावर जमिनीच्या अंगओलीवर वाल पेरण्याची वहिवाट जुनी आहे. परंतु धरमतर खाडीच्या मुखाशीं असलेल्या रेवससारख्या गांवीं जेथें जमीन खारी, तेथें हें पीक तग धरीत नाहीं. अशा कुटुंबांनीं वर्षाच्या बिरड्यापुरता वाल परसांत मांडवावर करावा, असें आमचें सांगणें आहे. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्याला लागल्या म्हणजे सांठवणीचा कोरडा दाणाच घराला आधार देतो. मात्र एक गोष्ट प्रथमच ध्यानांत ठेवावी : सुकविण्याचा वाल म्हणजे भाजी तोडून उरलेला वाल नव्हे. त्याची तजवीज पेरणीपासूनच केली पाहिजे.

जागा व माती.— पाणी सांचत नाहीं व ऊन भरपूर लागतें अशी उंचवट्याची जागा निवडावी. हातभर लांब, रुंद व खोल खड्डे चार चार हातांवर घेऊन ते माती व कुजलेलें शेणखत यांनीं जमिनीच्या वर येईपर्यंत भरावे. पावसानें क्षार खालीं धुतला जातो. पण पाऊस सरला कीं ओल वर ओढली जाते व तिच्याबरोबर क्षारही वर येतो. म्हणून त्या वेळीं वेलाच्या बुडाशीं भाताचा पेंढा जाड पसरावा. विहिरीचें पाणी मचूळ लागूं लागल्यास तें वेलास घालूं नये. पानांच्या कडा करपूं लागल्या, तर खारेपणाचा संशय घ्यावा.

पेरणी व मांडव.— पाऊस स्थिरावल्यावर प्रत्येक खड्ड्यांत ४ दाणे टोंचावे व पुढें २ जोमदार रोपें राखावीं. समुद्रावरचा वारा सोसेल असा मांडव पक्क्या मेढींवर, हात पोंचेल इतक्याच उंचीचा घालावा. जुन्या वेली जातींस दिवस लहान झाल्याखेरीज फुलोरा येत नाहीं. पावसाळाभर नुसता पाला दिसला म्हणून धीर सोडूं नये, आणि अधिक खत घालून पाला आणखी वाढवूं नये. दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या ‘कोकण वाल’ या जाती भातामागच्या पेऱ्याकरितां आहेत. मांडवाकरितां गांवांतील वेली बियाणेंच मिळवावें.

राखीव वेल.— पौषांत शेंगा भरल्या कीं भांबुर्ड्याच्या पाल्यांत पोपटी लावण्याचा मोह कोणास होत नाहीं? ती अवश्य लावावी. पण कांहीं निरोगी वेलांस आधींच चिंधी बांधून त्यांची एकही हिरवी शेंग तोडूं नये. सतत तोडणी झालेला वेल पुन्हां पुन्हां फुलतो, आणि मागाहून आलेल्या शेंगा उन्हाच्या तडाख्यांत सांपडून बारीक राहतात. राखीव वेलांवरील पहिल्या, टपोऱ्या शेंगांचे दाणे बियाण्याकरितां वेगळे काढावे.

तोडणी व वाळवण.— शेंग वेलावरच पिवळी पडून वाळूं द्यावी. दंव उडाल्यावर तोडून चटईवर ऊन द्यावें व मग गोणत्यांत घालून काठीनें झोडावें. निघालेल्या दाण्यांस पुन्हां तीनचार उन्हें द्यावीं. दांताखालीं दाणा चेपला तर तो ओला समजावा. वाळलेला दाणा कट् करून फुटतो.

भुंग्यापासून रक्षण.— पुष्कळांचा वाल येथेंच फुकट जातो. भुंगा डब्यांत आपोआप उपजत नाहीं. त्याची मादी शेतांतच वाळत्या शेंगांवर अंडीं घालते, आणि अळी दाण्याच्या पोटांत बसून घरीं येते. म्हणून वाळलेल्या शेंगा वेलावर रेंगाळूं देऊं नयेत, व पांढरे ठिपके किंवा भोंक दिसेल तो दाणा काढून टाकावा. खाण्याच्या एक किलो दाण्यांस एक लहान चमचा खाद्य तेल नीट चोळावें. बियाणें चाळलेल्या कोरड्या राखेंत कालवून मडक्यांत भरावें व तोंड बंद करावें.

कडव्या वालाचा कोरडा दाणा कच्चा खाऊं नये. तो रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून व पूर्ण शिजवूनच खावा. हंगाम संपल्यावर वेल उपटूं नये, बुडाशीं कापावा. मुळांवरील गांठींतील नत्र जमिनीस मिळतें.

एवढी निगा राखणाऱ्या घरास आषाढांत वाल विकत आणावा लागणार नाहीं, आणि पुढच्या पेऱ्याच्या बियाण्याकरितां दुसऱ्याचें दार ठोठावावें लागणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.