प्रतीक्षेतील प्रवेश आणि शिक्षणाचा खर्च

प्रश्न (एक पालक, खर्डा, ता. जामखेड) : अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत मुलीला चौथ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आहे. पुण्यासाठी थांबावे का आणि खर्च कसा पेलावा?

उत्तर : केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत गुणवत्तेनुसार होणाऱ्या जागावाटपात, मिळालेली जागा विहित शुल्क भरून स्वीकारता येते व ‘बेटरमेंट’चा पर्याय निवडून पुढील फेरीतही उतरता येते, वरच्या पसंतीची जागा मिळाल्यास आधीची आपोआप रद्द होते, अन्यथा ती कायम राहते, म्हणून हातची जागा सोडून थांबणे अनाठायी ठरते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील ज्या मुलींचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती लागू नाही आणि खोलीभाडे व खाणावळ तिच्यात येत नाहीत, त्यामुळे पुण्याचा हा खर्च चार वर्षांचा धरूनच पसंतीक्रम ठरवणे हिताचे आहे. पालकांनी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आताच काढावा, मुलीचे बँक खाते आधारशी जोडावे आणि शुल्कमाफीसाठी राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज करावा.