हॅम रेडिओ : देवदूत, हेर की नुसता निरोप्या?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठी जरा ठेचकाळतच चालते. चुका पोटात घाला.

होस्टेलच्या गच्चीवर आम्ही वायरची अँटेना बांधली तेव्हा मेसच्या मावशींनी विचारलं, "फुकटात क्रिकेट बघायला का गं?" वॉचमनकाकांचा प्रश्न जास्त गंभीर होता. "पोलिसांना माहीत आहे ना?" काकांचं काही चूक नाही. १९९३ साली आमच्या रायगडात, शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं. किनाऱ्यावरच्या माणसाला वायरलेस म्हटलं की आधी संशयच येणार. आणि पेपर उघडला तर हाच हॅमवाला भूकंपातला 'देवदूत'! खरं काय ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स मिळवायचं, मग 'व्हीयू'ने सुरू होणारी कॉलसाईन मिळते. राजीव गांधींची होती व्हीयू२आरजी. पैसे घेऊन निरोप पोचवायचे नाहीत, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही. जे बोलाल ते कुणीही ऐकू शकतो. हेरगिरीसाठी याहून वाईट साधन शोधून सापडणार नाही!

माझं गाव जिते, पनवेल-रोहा लाईनवर आपटा आणि हमरापूरच्या मधलं स्टेशन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. माझा मामा श्रीवर्धनला. दुपारी त्याचा फोन लागला होता, मग लागेनाच. टॉवरला वीज नाही, खांब आडवे, रस्त्यात झाडं. चार दिवस आजी फोन उशाशी घेऊन बसली होती. पाचव्या दिवशी मामाच्या शेजाऱ्याने कुठूनतरी रेंज पकडून सांगितलं, "पत्रे गेले, माणसं आहेत." एवढंच वाक्य हवं होतं आम्हाला. आणि हॅमचं काम नेमकं एवढंच असतं. तो कुणाला ढिगाऱ्यातून काढत नाही. ते काम एनडीआरएफचं. हा फक्त निरोप्या.

आता थोडा अभ्यास. जिते ते श्रीवर्धन सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर, मध्ये डोंगरच डोंगर. हातातला व्हीएचएफ सेट १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि त्याची लहर साधारण नजरेसारखी सरळ जाते. सपाट जमिनीवर उभी दोन माणसं असतील तर पृथ्वीच्या गोलाईमुळे दहाएक किलोमीटरवर मामला संपतो. डोंगरावर रिपीटर असेल तर गोष्ट वेगळी, पण वादळात त्याचीही वीज जाऊ शकते. मग काय करायचं? ७ मेगाहर्ट्झवर यायचं. इथे लहर सुमारे ४२ मीटर लांब, म्हणून अर्ध्या लांबीची, म्हणजे वीसेक मीटरची वायर लागते. ती उंच न बांधता मुद्दाम खाली, तीन-चार मीटरवर बांधायची. लहर सरळ वर जाते, आयनोस्फिअरवरून परतते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात वरून पडते. डोंगर आडवा येतच नाही! दिवसा हे छान जमतं. वीज म्हणाल तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. दोन आंब्याची झाडं आणि एक बॅटरी. कोकणाला आणखी काय हवं?

पण ही वायर वादळाच्या दिवशी बांधायला शिकता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, आपल्या टीमबरोबर अंदमानला गेल्या होत्या त्या हौसेसाठी. तिथून जगभरच्या हॅमशी बोलायला. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरमधलं तेच स्टेशन मुख्य भूमीपर्यंत निरोप पोचवू लागलं. किल्लारीला १९९३ मध्ये आणि भूजला २००१ मध्येही हॅम गेले होते. पेपरात चमत्कार छापून येतो, त्याआधीची रोजची बडबड छापून येत नाही. मला विचाराल तर खरी तयारी त्या बडबडीतच होते.

माझी फजिती सांगते. माझं लायसन्स अजून यायचंय, म्हणून सरावात माईक सिनियरच्या हाती आणि मी लिहून घेणारी. खोटा निरोप होता, "जिते, पाणी, ४० घरं." मी लिहिलं, "जोहे, पाणी, १४ घरं." जोहे आमच्याच पेण तालुक्यात, गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखलं जाणारं गाव. खरंच पूर असता तर टँकर तिकडे गेला असता, तोही निम्म्याहून कमी पाण्याचा. माझ्याच गावचं नाव मला ऐकू आलं नाही! खरखरीत आवाजात कान ओळखीचं काहीतरी जुळवून घेतो. आणि मी निरोप परत वाचून दाखवायला विसरले होते.

इंग्रजीत ज्युलिएट, इंडिया, टँगो, एको अशी अक्षरं सांगायची पद्धत आहे. मला शाळेमुळे ती सोपी. पण पलीकडे तलाठी किंवा पोलीस पाटील लिहून घेत असतील तर ज्युलिएट कोण, इथूनच सुरुवात! दिवाळीत घरी हे सांगितलं तर आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, ज जांभळाचा, पहिली वेलांटी. त तांब्याचा, वर एक मात्रा. यात कसलं आलंय इंजिनिअरिंग?"

पुढच्या सरावात आम्ही तसंच सांगितलं, आकडे सुटे करून, "चार, शून्य". मी सगळं परत वाचून दाखवलं. टँकर जित्याला आला.