आपल्या कुळाचा शोध

आपल्या वडिलांचे व आजोबांचे नाव बहुतेकांना सांगता येते. परंतु पणजीचे नाव विचारले, की वर्गात शांतता पसरते. ज्यांच्या कष्टांवर आपले घर उभे राहिले, त्यांची नावेही आपणांस ठाऊक नसावीत, हे योग्य नव्हे.

भिवंडीजवळचे वळ हे गाव पाहा. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आज मोठमोठी गोदामे उभी आहेत. शेत गेले, की त्याचे नाव विस्मरणात जाते. जुने घर पाडले, की माळ्यावरच्या पेटीतील कागद नाहीसे होतात. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

आरंभ घरातील वृद्धांपासून करावा. कागद उद्याही वाचता येतील. आजीची आठवण मात्र आजीबरोबरच जाते. "आजी, तुझे माहेर कोणते? लग्नाचे वऱ्हाड कशातून आले? आपल्या खाचराला काय म्हणत?" असे लहान लहान प्रश्न विचारावेत. साल आठवत नसेल, तर घटनेचा आधार घ्यावा. "कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तुझा मोठा काका पाळण्यात होता," असे आजी म्हणाली, तर तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, हे आपणांस ठाऊक आहे. ऐकलेले त्याच दिवशी वहीत लिहावे व सांगणाऱ्याचे नावही नोंदवावे.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमीन कोणाच्या नावे आहे, ते दिसते. जमीनधारक मरण पावला, की वारसांची नावे फेरफार नोंदवहीत चढतात. तिच्यावरून पिढ्यांचा क्रम लागतो. ही दप्तरे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अथवा तहसील कचेरीत असतात. ती पाहण्यासाठी वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंची नावे गाव व आडनाव यांनुसार लिहिलेली असतात. कधी कधी तेथे आपल्या पणजोबांची सहीही आढळते!

जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. त्यांत शककाल असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८५० म्हणजे सुमारे इ. स. १९२८ होय.

मात्र लिहिलेले सर्व खरेच असते, असे समजू नये. अनेक वृद्धांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आढळते. ते सारे त्याच दिवशी जन्मले काय? नाही. खरी तारीख कोणास ठाऊक नसे, तेव्हा शाळेत घालताना अंदाजाने ती लिहिली जाई. म्हणून एका नोंदीची दुसरीशी तुलना करावी, आणि जे निश्चित नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे.

जुन्या वंशावळींत स्त्रियांची नावे क्वचितच आढळतात. तुमच्या वंशवृक्षात मात्र आजी, पणजी, आत्या यांची नावे माहेरच्या गावांसह लिहा. तुमच्या वर्गात तेलंगणातून अथवा उत्तर प्रदेशातून यंत्रमागावर काम करण्यास आलेल्या कुटुंबांतील मुलेही असतील. त्यांच्या घराण्याचा प्रवास समजून घ्या. तोही भिवंडीचाच इतिहास आहे.

पूर्वजांत राजा किंवा सरदार सापडला नाही, तरी खंत करू नये. चिखलात उभे राहून भाताची लावणी करणारी पणजी ही काही कमी थोर नव्हे. तिचे नाव शोधून काढणे व ते पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच तिचे ऋण फेडणे होय.

स्वाध्याय

१. साल आठवत नसल्यास ते कसे शोधावे?
२. फेरफार नोंदवहीवरून पिढ्यांचा क्रम कसा लागतो?
३. अनेकांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख का आढळते?
४. शके १८६५ म्हणजे सुमारे कोणते इसवी सन?
५. चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. त्यात स्त्रियांची नावे अवश्य लिहा.