फीडरवर सौर आणि कपॅसिटर: काही अनुभवाचे बोल

शेतीच्या ११ केव्ही फीडरवर सौर प्रकल्प कुठे जोडायचा आणि कपॅसिटर कुठे टांगायचे, हे ठरवण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली. त्यातलं थोडं.

१. उपकेंद्राच्या बसबारवर जोडलेल्या सौर प्रकल्पाने वरच्या ३३ केव्ही लाइनचा भार हलका होतो. फीडरच्या तारांतला लॉस मात्र तसाच राहतो. जागा, रस्ता, देखभाल सोपी म्हणून तिथे जोडायला हरकत नाही. फक्त टोकाच्या गावाला ‘आता व्होल्टेज सुधारेल’ असं सांगू नये.

२. सौर आणि कपॅसिटरच्या फायली वेगळ्या टेबलांवर फिरतात, हे मला कधीच पटलं नाही. हिशेब बघा. पंपांचा भार १००० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे रिॲक्टिव्ह भार ७५० केव्हीएआर. मध्यावर ६०० किलोवॅटचा सौर प्रकल्प जोडला आणि त्याने निव्वळ किलोवॅट दिले, तर उपकेंद्रातून ४०० किलोवॅट जातात, पण केव्हीएआर ७५०च. पॉवर फॅक्टर ०.४७! मीटर बघून साहेब हादरतात. खरं तर केव्हीए १२५० वरून ८५० वर आलेले असतात. त्याच फीडरवर ५०० केव्हीएआरचे कपॅसिटर टाकले, की केव्हीए ४७२ वर येतात.

३. भार सारखा पसरलेला असेल, तर जुना नियम उत्तम: लागणाऱ्या केव्हीएआरच्या दोन तृतीयांश, उपकेंद्रापासून दोन तृतीयांश अंतरावर. रिॲक्टिव्ह प्रवाहामुळे होणारा लॉस नऊपैकी आठ भाग कमी होतो. पण ऊस काय सारखा पसरून लावतात? नियमाने सुरुवात करावी, मग लोड फ्लो चालवावा.

४. कपॅसिटरची खरी जागा पंपाशेजारी. ५ एचपीला २ केव्हीएआर पुरतो. पण जळालेला कपॅसिटर कोण बदलतो? शिवाय व्होल्टेज ९० टक्क्यांवर आलं, की तो ८१ टक्केच काम करतो.

५. बॅरन आणि वू यांचं १९८९ चं ३३ बसचं जाळं शोधनिबंधांचं लाडकं. लॉस सुमारे २०३ किलोवॅट. लांडगे, देवमासे, कोकिळा अशा नावांचे अल्गोरिदम तो कमी करण्याच्या शर्यतीत दशांशांवर भांडतात. आपल्याला डीपीवरचा खरा भारही धड ठाऊक नसतो. आधी मीटर बसवा.

६. भर उन्हाळ्याइतकीच पाऊस उघडल्यानंतरची दुपार तपासा. ऊन लख्ख, पंप बंद. टोकाचं व्होल्टेज ११.६६ केव्हीची मर्यादा ओलांडू पाहतं, आणि कायम जोडलेले कपॅसिटर ते आणखी चढवतात. म्हणून किमान भाराला लागतील तेवढेच कायमचे, बाकीचे स्विचवर. इन्व्हर्टर केव्हीएमध्ये १० टक्के मोठा घेतला, तर पूर्ण निर्मितीतही किलोवॅटच्या ४६ टक्के केव्हीएआर देतो, आणि गरज पडली तर शोषूनही घेतो. निविदा लिहिणाऱ्यांना विनंती: इन्व्हर्टरची क्षमता केव्हीएत लिहा.