परीक्षाकाळातील चित्तोद्वेग

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, तर ‘नीट’ अलीकडे मेच्या आरंभी येते. म्हणजे अकोला-अमरावतीच्या विद्यार्थ्यांचा ताण वसंतात जन्मून वऱ्हाडच्या भर ग्रीष्मात टिपेस पोहोचतो. शिकवणीसाठी खेड्यांतून अकोल्यास येऊन खोली घेऊन राहणारी, खानावळीच्या डब्यावर जगणारी मुले विशेष ग्रासली जातात.

अशा वेळी पालक औषधालयात ‘स्मरणशक्तीचे काहीतरी’ मागतात. ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली काढून देणे सोपे. परंतु आधी झोप व भूक विचारावी, असा आमचा आग्रह आहे. अतिचिंतनाने रसवह स्रोतसे दुष्ट होतात; चिंता-भयाने ग्रस्त असताना मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. अशा अग्नीवर रसायन काय करणार? त्यात जागरण रूक्ष, आणि वर चहा! जागरण अटळच असेल तर वाग्भटांनी सांगितल्याप्रमाणे त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता, झोपावे. रात्री पादाभ्यंग करावा. परीक्षेच्या तोंडावर नवे औषध सुरू करू नये.

पालकांना क्षणभर बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलावे. जगणे नकोसे झाल्याचे त्याने सुचविल्यास पुडी बांधून देऊन परत धाडू नये. त्यास एकटे न सोडता पालकांस विश्वासात घ्यावे व त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक औषधालयाच्या दर्शनी भागात लावावा.