नव्या आन्सरिंग मशीनबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
12 ऑक्टोबर 1996

चि. मृणाल,


मशीन घेतलंस, फार बरं केलंस. वाईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्या कोलंबसला सकाळचे साडेअकरा असतात. तू लॅबमध्ये असतेस आणि ताई नाक्यावरच्या बूथमध्ये रिसीव्हर कानाला लावून उभी असते. फोन नुसता वाजत राहिला की तिला झोप लागत नाही.

जोडणी सोपी आहे. भिंतीतली वायर मशीनला, मशीनमधून दुसरी वायर फोनला. अडॅप्टर मात्र बरोबर आलेलाच वापर. दुसऱ्या कशाची पिन बसते म्हणून लावू नकोस, व्होल्टेज वेगळं निघालं तर मशीन जळेल. आत चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी घालायची जागा असेल तर ती घाल, म्हणजे वीज गेली तरी रेकॉर्ड केलेलं पुसलं जाणार नाही. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि फोनची वायर, दोन्ही काढ. वीज टेलिफोनच्या तारेतूनही घरात येते.

खरा विचार करायचा तो तुझ्या आवाजातल्या निरोपाचा. तो ताई ऐकणार, तुझे प्रोफेसर ऐकणार आणि ज्याला तू कधी पाहिलेलं नाहीस असा माणूसही ऐकणार. म्हणून त्यात नाव नको, आणि 'मी बाहेर गेले आहे, रविवारी येईन' हे तर मुळीच नको. मुलगी एकटी राहते आणि घर रिकामं आहे, एवढं कळलं तर चोराला आणखी काय हवं? 'आम्ही आत्ता फोन घेऊ शकत नाही, निरोप ठेवा' इतकंच इंग्रजीत म्हण. 'आम्ही' म्हणायला विसरू नकोस. त्याला जोडून मराठीत एक वाक्य, 'आई, बीप वाजली की बोल.' पुढे संगीत वगैरे नको. मशीनने फोन उचलला की बूथवरचे लाल आकडे पळायला लागतात. तुझ्या प्रत्येक जास्तीच्या शब्दाचे पैसे ताई भरते.

याच कारणासाठी रिंगांचं बटण चारवर ठेव. ताईला सांगून ठेव की दोन रिंगा झाल्या, तू उचलला नाहीस, तर लगेच ठेवला तरी चालेल, पैसे पडणार नाहीत. निरोप ठेवायचा असेल तर थांबावं. 'टोल सेव्हर' नावाची सोय असेल, पण ती तुझ्या कामाची नाही. तीत नवे निरोप असले की मशीन दुसऱ्याच रिंगला उचलतं. बाहेरगावाहून स्वतःचे निरोप तपासणाऱ्याचे त्यात पैसे वाचतात, पण तुझा लॅबमधून घरी लागणारा फोन लोकल. ताईची मात्र पंचाईत होईल.

बाहेरून निरोप ऐकायचा कोड आजच बदल. कारखान्याचा कोड बऱ्याचदा मशीनच्या तळाशीच छापलेला असतो आणि पुष्कळ मशीनांत तो दोनच आकडी असतो. धीर धरून आकडे दाबत बसणाऱ्याला तो सापडायला वेळ लागत नाही. तेवढ्यावर तो तुझे निरोप ऐकू शकतो, पुसूही शकतो. काही मशीनांत तर त्याच कोडने खोलीतलं बोलणं दूरवर ऐकू येतं. तुझ्या मशीनमध्ये 'रूम मॉनिटर' असेल तर तो बंद करून टाक. पुस्तिका वाचायचा कंटाळा करू नकोस, मृणाल, हे त्यातच सापडेल.

घरी असतानाही अनोळखी फोन मशीनलाच घेऊ दे. आवाज ओळखीचा वाटला तरच उचल. बँकेचं किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचं काही कुणाच्या मशीनवर बोलू नकोस, तुझ्या मशीनवर कुणी ठेवलं तर लिहून घे आणि पुसून टाक. रूममेट राहायला येईल तेव्हा आवाजाचं बटणही खाली कर, नाहीतर ताईचं घरगुती बोलणं सगळ्या घराला ऐकू जाईल.

आणखी एक. 'तुमचे नातेवाईक आजारी आहेत' किंवा 'तुम्हाला बक्षीस लागलंय, लगेच फोन करा' असा निरोप आला आणि नंबर 809 ने सुरू होत असला, तर फोन करू नकोस. तो दिसतो अमेरिकेतल्यासारखा, पण लागतो कॅरिबियन बेटांवर, आणि बिल परदेशी दराने येतं. आपलं कुणी आजारी असलं तर वाईहून मला फोन येईल, मी तुला कळवीन.

रविवारी सकाळी दहाला मी फोन करते. तू उचलू नकोस, मशीनला घेऊ दे. निरोप कसा वाटतो ते ऐकून सांगते.

तुझी,
मीनामावशी