छोट्या आगगाडीचा पूल : आधी माप, मग कापणी

पुण्याच्या कोथरूड भागातील, भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली सुरू केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहून आल्यावर आमच्या बंगळूरच्या सदनिकेतही एक आगगाडी धावू लागली. अभ्यासाचे मेज व खिडकीचा कट्टा यांच्यामध्ये कोपऱ्यात ३० सें.मी.ची फट होती. रूळ तेथेच वळत असल्याने बाजारातील सरळ पूल बसेना. सबब पूल घरीच बांधावयाचे ठरले. त्यातून मिळालेला धडा वाचकांसमोर ठेवीत आहे.

प्रथम प्रमाण निश्चित करावे. आमची गाडी १:८७ प्रमाणाची आहे. आयसीएफ घडणीचा २१.३ मीटर लांबीचा डबा या प्रमाणात सुमारे २४.५ सें.मी. लांब व ३.७ सें.मी. रुंद होतो.

माझी चूक येथेच झाली. रुळांच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंस २२ मि.मी. अंतर सोडून, जाड पुठ्ठ्याच्या जाळीदार तुळया वळणास समांतर उभ्या केल्या. तीन आठवड्यांचे काम होते. इंजिन सुखरूप पार झाले. पहिला डबा मात्र आतल्या तुळईला घासून अडकला. मुलाचा उतरलेला चेहरा आजही आठवतो.

कारण साधे होते. डबा वळत नाही, वळतात त्याच्या खालच्या बोगी. त्यामुळे डब्याचा मध्यभाग वळणाच्या आत सरकतो व टोके बाहेर झुकतात. हे सरकणे काढण्यासाठी दोन बोगींच्या मध्यांतील अंतराचा वर्ग करून त्यास त्रिज्येच्या आठपटीने भागावे. आमच्या डब्यात हे अंतर १७० मि.मी., तर वळणाची त्रिज्या ६०० मि.मी. आहे, उत्तर येते सुमारे ६ मि.मी. डब्याची निम्मी रुंदी १८.५ मि.मी. धरता २४.५ मि.मी. जागा हवी होती. इंजिन लांबीला कमी, म्हणून ते निसटले.

गणित नको असल्यास डब्याच्या मापाचा पुठ्ठा कापावा, बोगींच्या जागी दोन टाचण्या खोचाव्यात व त्या रुळांच्या मध्यरेषेवरून सरकवाव्यात. पुठ्ठ्याच्या कडा जेथवर पोहोचतील, त्यापलीकडे आणखी ३-४ मि.मी. मोकळे ठेवावेत.

दुसऱ्या पुलासाठी आदर्श घेतला तो कोकण रेल्वेवरील रत्नागिरीजवळच्या पानवल पुलाचा. ४२४ मीटर लांबीच्या त्या पुलावर रूळ सर्वांत वर असतात, बाजूंस तुळया नाहीत. त्याची ६४ मीटर उंची १:८७ प्रमाणात सुमारे ७४ सें.मी. भरते, आमच्या मेजाची उंचीही जवळपास तेवढीच! लांबीची हौस मात्र आवरावी लागली, कारण ती ४.९ मीटर झाली असती. प्लायवुडची वक्र फळी, मधोमध जमिनीपासून उभा केलेला एक चौकोनी लाकडी खांब आणि मध्यरेषेपासून ३० मि.मी.वर बुटके कठडे, एवढ्यात काम झाले.

एक दक्षता अवश्य घ्यावी. सरस पूर्ण वाळल्यावर इंजिनाच्या दुप्पट वजन रात्रभर पुलावर ठेवावे. फळी वाकली नाही तरच गाडी सोडावी. पाऊण मीटरवरून पडलेले इंजिन सहसा दुरुस्त होत नाही.

कर्जप्रस्तावावर शिफारस लिहिण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी करावी, हे मी कार्यालयात नित्य सांगतो. घरी मात्र ते विसरलो होतो. आता कात्री हाती घेण्यापूर्वी चिरंजीवच विचारतात, “बाबा, पुठ्ठा फिरवून पाहिलात का?”